चौथ्या माणसाच्या घरी

हिरामण, मुलचेऱ्याहून परवा परतलो. दिवाळीची सुटी उद्या संपते, मग सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, म्हणून आजच लिहायला बसलो. तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं तुझ्या वस्तीतल्या मंडळींनी तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्रिशरण झालं, पंचशील झालं, एकेक जण बोलायला उठला. तू किती मनमिळाऊ होतास, कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो काढलेस, ते सगळं झालं. मी उठलो नाही. आपलं दोन महिने बोलणं बंद होतं हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत नव्हतं.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठवर, मागं कोण कोण, हे दुसरे लिहितील. मी आपल्या सिनेमाबद्दल लिहितो. भांडण त्याच्यावरूनच झालं होतं.

नागपूरहून कॅमेरा आणलास तो लग्नांसाठी. खांद्यावर घ्यायचा, चांगला पेटीएवढा. ब्रह्मपुरीत तेव्हा नवरानवरीपेक्षा लोक त्या कॅमेऱ्याकडे जास्त बघायचे. एक लगीनसराई तू काढलीस आणि एका दुपारी येऊन माझ्या ओट्यावर बसलास.

"मास्तर, लग्नात सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हासते. मले त आता कंटाळा आला. एखांदा सिनेमा काढू."

"कशाचा?"

"खुनाचा. लोकाईले फायटिंग पाह्यजे."

मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. पण आठ दिवसांत तुला गोष्ट लिहून दिली. चंद्रपूरकडच्या खाणीतलं काम सुटलेला एक जण सुपारी घेऊन माणसं मारायला लागतो. त्याला पाच बंद चिठ्ठ्या मिळतात, प्रत्येकीत एक नाव. एक ठेकेदार, त्याचा मुनीम, एक वकील, एक ट्रक ड्रायव्हर. चौघांना मारून झाल्यावर तो पाचवी चिठ्ठी उघडतो, तर तिच्यात त्याचं स्वतःचंच नाव. म्हणून सिनेमाचं नावही 'पाचवं नाव'. या शेवटावर मी फार खूश होतो. तू दोनदा वाचलंस आणि म्हणालास, "तू लिव्हलं त बरोबरच असंल." तुला ते तितकंसं आवडलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खुनी मी झालो. नाटक कंपनीतला एक तगडा नट तू ठरवला होतास, पण त्याचा हंगाम सुरू झाला आणि तो वडशाला निघून गेला. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास. "तुह्या तोंडावर काहीच दिसत नाई, मास्तर. खुन्याले असंच तोंड लागते." पिस्तूल जत्रेतलं, बुटाच्या पॉलिशनं काळं केलेलं. गोळीचा आवाज म्हणजे कॅमेऱ्यामागं उभं राहून तुझी बायको, आमच्या वहिनी, दगडानं टिकल्या फोडायच्या. रक्तासाठी पळसाची फुलं उकळली, कारण होळीचे दिवस होते आणि सगळं जंगल पळसानं पेटलं होतं. मुनीम मेला तो तुझा चांगला सदरा घालून. वहिनींनी तो तीनदा धुतला, डाग गेला नाही. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, एकावर लावायचं आणि दुसऱ्यावर उतरवायचं, अशी तुम्ही दोघांनी महिनाभर जोडाजोडी केलीत. बटण दाबायला जरा उशीर झाला की मेलेला माणूस पुन्हा उभा दिसायचा. मग मागं जाऊन परत तेच.

पहिला खेळ धानाच्या गिरणीच्या गोदामात, रविवारी दुपारी. पोत्यांच्या थप्पीवर टीव्ही. दीडशे माणूस तरी असेल. सिनेमा संपला, लोक उठायला लागले, तेवढ्यात तू दाराशी जाऊन उभा राहिलास. हातात शंभर पानी वही.

"कसा वाटला ते सांगाचं, मंग जाचं," तू म्हणालास.

लोकांना ते नवीन होतं. तिकीट फाडून आत सोडणारा माणूस त्यांना माहीत होता, असं विचारणारा माहीत नव्हता. एक हमाल म्हणाला, "मास्तर पळते तवा पॅन्ट धरून पळते. खुनी असा पळत नाई." तू ते तसंच्या तसं मला लिहायला लावलंस. 'पळते'ऐवजी शुद्ध 'पळतो' लिहितो, मी म्हटलं. तू म्हणालास, "तो पळते म्हणाला." एस.टी.तला एक कंडक्टर म्हणाला, खुनी नागभीडच्या गाडीत बसला आणि उतरला तेव्हा गाडीला पाटी वडशाची होती. आमचे मुख्याध्यापकही आले होते. त्यांनी वही स्वतःकडे घेतली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "शिक्षकाने अशी भूमिका करणे योग्य नव्हे. तथापि दुसरा खून परिणामकारक वाटला." ते वाचून तू इतका हसलास की तुला पोत्यावर बसावं लागलं.

गडचिरोलीच्या खेळाला एक हवालदार होते. ते म्हणाले, "सहा गोळ्याईचं पिस्तूल आहे. तुम्ही अकरा झाडल्या. मी मोजल्या." त्या दिवशी परतताना एस.टी.त तू वही मांडीवर उघडून बसला होतास. मला वाटलं, पुढच्या सिनेमात गोळ्या मोजून झाडायच्या, एवढाच त्याचा उपयोग. तुला त्या वहीत काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

मग मुलचेरा. बाजाराचा दिवस, भर उन्हाचा. तिथल्या एका बंगाली दुकानदारानं आपली शेड दिली होती. भोवतीच्या बंगाली वस्त्यांतली माणसं आली, बाजारात आलेली जंगलातल्या गावांची माणसं टोपल्या घेऊन मागं उभी राहिली. खेळ झाल्यावर दुकानदारच पहिल्यांदा बोलला, "खुनी एकला क्यों रहता है? उसका माँ नेहीं है?" मी हसून लिहून घेतलं. मग माझ्या पिस्तूल धरण्यावर दोघा-तिघांत वाद सुरू झाला. मी तिकडं रमलो. माझ्याबद्दल चाललं होतं ना.

चैतीबाई, हे नाव मला नंतर कळलं, मागच्या खांबापाशी उभ्या होत्या. मोहफुलांची रिकामी टोपली काखेत, वय पन्नासच्या आसपास. मी वही घेऊन त्यांच्यापाशी गेलो. बाजारात बोलायची मराठी त्यांना येत होती, पण शब्द जुळवावे लागत होते.

"भाऊ, तो डायवर मारला. नदीत टाकला. त्याच्या घरी कोणी सांगाले गेलं का?"

मी म्हटलं, "बाई, तो सिनेमा आहे."

"हो. पण घरी सांगाले गेलं का कोणी?"

मी वहीत लिहिलं, 'ड्रायव्हरच्या घरी सांगितले का, असे एका बाईने विचारले,' आणि पुढं गेलो. तू मात्र तिथं त्यांच्या टोपलीशेजारी उकिडवा बसलास. गाडीची वेळ होईपर्यंत बसलेला होतास. मी दोनदा हाक मारली. तुमचं काय बोलणं झालं ते तू मला सांगितलं नाहीस, कारण वाटेत मी सगळा वेळ पिस्तुलाबद्दलच बोलत होतो.

आता त्या दुपारचं लिहितो. मृगाचा पाऊस होऊन गेला होता आणि लोक धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकत होते. तू तुझ्या फोटो स्टुडिओत बोलावलंस आणि म्हणालास, एक भाग नवीन घ्यायचा. ड्रायव्हरच्या घरी माणूस सांगायला जातो, आणि ड्रायव्हरची बहीण रडते. बहीण चैतीबाई होणार.

"आपण खुन्याचा सिनेमा काढला," मी म्हटलं. "रडारडीचा नाही. चौथा खून झाला की लोकांना पाचवी चिठ्ठी पाहिजे असते. मध्ये रडणं घातलं तर उठून जातील."

"चार माणसं मारली आपण, मास्तर. एकाचंबी घर नाई दाखवलं."

"खुनाच्या सिनेमात घर नसतंच."

"त मंग तिनं काऊन विचारलं?"

यावर मी जे बोललो ते मी कुठं लिहिलं नसतं. पण तुला ते माहीतच आहे. मी म्हटलं, "बाजारात मोहफूल विकायला आलेल्या बाईच्या सांगण्यावरून सिनेमा बदलायचा का आपण?"

तू कॅमेऱ्याची काच पुसत होतास. पुसणं थांबवलंस. आवाज चढवला नाहीस.

"मत द्याले पहिले काही पास व्हा लागते का, मास्तर? माह्या बापाले उभ्या जन्मात कोणी विचारलं नाई, तुले काय वाटते म्हणून. लोक सांगाचे, तो तसं कराचा. मी दाराशी वही घेऊन उभा राह्यलो त मले जो बोलंल त्याचं ऐका लागते. नाईत वही फेकून देतो."

मी म्हटलं, "मग तूच लिही तुझा सिनेमा," आणि पायऱ्या उतरलो. तुझ्या बापाचं नाव तू मध्ये आणलंस याचा मला राग आला होता. आज वाटतं, राग आला तो तू बरोबर होतास म्हणून.

दोन महिने मी बाजारातून जाताना तुझ्या स्टुडिओवरून गेलो नाही, मागच्या बोळानं गेलो. वहिनींनी एकदा शाळेत येऊन सांगितलं, तू श्रावणात चैतीबाईंच्या गावाला जातो म्हणतोस, पाऊस उघडेपर्यंत थांब असं तुम्ही तरी सांगा. मी म्हटलं, माझं तो ऐकतो का. एवढं बोलून मी वर्गात निघून गेलो. सांगितलं असतं तर तू थांबला असतास का? नसतास, बहुतेक. पण मी सांगितलं नाही, आणि हे माझ्याजवळच राहणार.

तू गेलास, सहा दिवस राहिलास, आणि परत येताना गडचिरोलीच्या स्टँडवरच खाली बसलास. थंडी वाजून ताप. मला शाळेत चौथ्या तासाला कळलं, तुला दवाखान्यात घातलंय आणि मलेरिया डोक्यात गेलाय. मिळेल त्या गाडीनं निघालो. वैनगंगेला पूर, पुलावर पाणी. नदीच्या अलीकडं गाड्या उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत काठावर उभा राहिलो, मग जवळच्या गावात एकाच्या पडवीत पडलो. खरं सांगू का? मी तुझी माफी मागायला निघालो नव्हतो. तुला रागवायचं ठरवून निघालो होतो. एकटा कशाला गेलास, एवढं विचारायचं होतं. पाणी सकाळी उतरलं. पोचलो तेव्हा पुराआधीच येऊन पोचलेल्या वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. पदराखाली टेप. "त्यायचं राह्यलं ते काम आहे," त्या म्हणाल्या. "मी जोडतो, पण कुठी जोडाचं ते तुम्ही सांगा. लिव्हणारे तुम्ही आहा." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी काम आणलं होतं आणि ते कधी करायचं एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मी म्हटलं, रविवारी.

तू काय घेऊन आलास ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुडाची भिंत, पावसानं ओली. चैतीबाई भिंतीशी बसल्या आहेत. दारातून एक माणूस येतो, वाकून काहीतरी सांगतो आणि जातो. मग बराच वेळ काही होत नाही. मग तुझा आवाज आला. कॅमेऱ्यामागून, जवळून. "बाई, तुम्हाले वाटंल तवा. मी थांबतो."

मी व्हीसीआर बंद केला. वहिनी उठून चहा ठेवून आल्या आणि त्यांनीच परत चालू केला.

चैतीबाई रडायला लागल्या. त्यांच्या बोलीत, गोंडीत. धाकट्या भावाला हाक मारून, त्याला विचारत, सांगत, त्याच्यावर रागावत. मला एक शब्द कळत नव्हता, पण कुठं रागावताहेत ते कळत होतं. चित्र मध्येच हलायला लागलं. तुझा हात इतका कधी हलत नसे, लग्नाच्या गर्दीतही नाही. मी म्हणालो, "इथं कॅमेरा नीट धरला नाही त्यानं." वहिनी म्हणाल्या, "थंडी भरून आली असंल." तेवढंच. आम्ही पुढं बघत राहिलो. एकूण नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत तू एकदाही कॅमेरा खाली ठेवला नाहीस.

माझं मत मी तेव्हा वहिनींना सांगितलं आणि तुलाही सांगतो, कारण तू विचारलं असतंस. नऊ मिनिटं फार आहेत. तीन पुरली असती. तुझा आवाज काढून टाकायला हवा आणि हललेलं चित्रही. शाळेतलं पोरगंही याला चूक म्हणेल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "मंग काय काय कापू?" त्यांनी बटणावर बोट ठेवून विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. चौथा खून झाला की लगेच लावा. पूर्ण."

गिरणीच्या गोदामात पुन्हा खेळ लावला तेव्हा मी सांगितलं होतं तसंच झालं. चौघं जण मध्येच उठून गेले, त्यात पॅन्टवरून बोललेला हमालही होता. मी दाराशी उभा होतो. त्यांनाही थांबवून विचारलं. "मास्तर, काळजाले लागून राह्यलं. मी सिनेमा पाहाले आलो होतो," हमाल म्हणाला. मी ते तसंच लिहिलं, राह्यलं म्हणाला तर राह्यलं. कंडक्टर म्हणाला, आता पाटीचं काही वाटत नाही. मुख्याध्यापकांनी वही मागून घेतली, पेनचं टोपण काढलं आणि काही न लिहिता परत दिली. मी तारीख घालून लिहिलं, 'मुख्याध्यापकांनी वही घेतली, परत दिली.'

दिवाळीच्या सुटीत वहिनी आणि मी निघालो. टीव्ही, व्हीसीआर आणि भाड्याचं जनरेटर जीपमध्ये. चैतीबाईंचं गाव मुलचेऱ्याच्या अलीकडं फाट्यावरून आत, सहा-सात मैल. धान कापणीला आलं होतं, त्यामुळं सगळं गाव बांधावर. आम्ही शाळेच्या एका खोलीपाशी जीप उभी केली आणि थांबलो. चैतीबाई शेतातून आल्या, हातात विळा. त्यांनी आधी मला पाहिलं, मग जीपमध्ये डोकावल्या.

"फोटोवाला भाऊ कुठी आहे?"

सबंध वाट मी जनरेटर, खिडक्यांना लावायची पोती, वायर, सगळ्याचा विचार केला होता. या एका गोष्टीचा केला नव्हता. वहिनी पुढं झाल्या. त्यांचा हात धरून म्हणाल्या, "ते वारले, बाई. इथून गेले आन तापानं गेले. मी त्यायची घरवाली."

चैतीबाईंनी विळा खाली ठेवला. वहिनींचं तोंड दोन्ही हातांनी धरून बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगाले आले?" वहिनी म्हणाल्या, "हो. आन तुमचं काम दाखवाले." ते दुसरं वाक्य ऐकून मला धीर आला. आम्ही कशाला आलो होतो ते मलाच त्यातून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि खेळ लावला. सगळं गाव बसलं होतं. ठेकेदार मेला तेव्हा लोक हसले, मुनीम मेला तेव्हा जास्त हसले, माझ्या पळण्यावर तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग ड्रायव्हर नदीत गेला आणि पडद्यावर त्यांचीच भिंत आली. त्यांच्यातलीच बाई. तुझा आवाज आला, तेव्हा चैतीबाईंनी वहिनींकडे वळून पाहिलं. नऊ मिनिटं मी सिनेमा पाहिला नाही, माणसं पाहिली. लांब आहे असं तिथं कोणाच्या तोंडावर दिसलं नाही. एक म्हातारा ओठ हलवत होता, पडद्यावरच्या चैतीबाईंबरोबर.

सिनेमा संपल्यावर मी वही उघडली. दिवा लावला तरी कोणी उठेना. शेवटी तो म्हाताराच म्हणाला, आणि चैतीबाईंनी मला मराठीत सांगितलं, "बुढा म्हणते, आता झालं."

"काय झालं?"

मग त्यांनी सांगितलं. मला वाटतं, मुलचेऱ्याच्या शेडमध्ये उकिडवा बसून तू हेच ऐकलं होतंस. त्यांचा धाकटा भाऊ बांबूच्या ट्रकवर जात असे. तीन पावसाळ्यांपूर्वी ट्रक पुरात गेला. गावाला सांगायला कोणी आलं नाही. पंधरा दिवसांनी बाजारात दुसऱ्याच गावच्या माणसाकडून त्यांच्या कानावर आलं. माणूस सापडला नाही. नक्की गेला असं कोणी म्हणेना, म्हणून घरात कोणी रडलंही नाही. भावाची बायको दोन वर्षं वाट बघून माहेरी गेली. "भाऊले मी हे सांगतलं," चैतीबाई म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, सिनेमात सांगाले माणूस पाठवतो. मंग तुम्ही रडा. मले वाटलं, थट्टा करते. खरंच आला, पावसात."

मी वहीत लिहीत होतो. हात चालत होता, पण काय लिहितोय ते दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही दोस्त होते ना? तुम्ही रडले का त्याच्यासाठी?"

मी म्हटलं, "नाही. आमचं भांडण झालं होतं."

त्यांना ते विशेष काही वाटलं नाही. भावावरही त्या रडताना रागावल्याच होत्या. त्या बाहेर गेल्या, दोन म्हाताऱ्या बायांना घेऊन आल्या, आणि त्या तिघी वहिनींच्या बाजूला येऊन भिंतीला टेकून बसल्या. कोणी मला बस म्हटलं नाही. मीही खाली बसलो. हिरामण, तुला सांगतो, गडचिरोलीच्या त्या बाकापासून आवरून धरलेलं सगळं तिथं रडण्यात गेलं. वहिनींचंही. दुपार होती, बाहेर कोणीतरी जनरेटर बंद केला, आणि गावातली माणसं आमच्यासाठी थांबून राहिली. कापणी टाकून.

त्या दिवशी आमचं निघणं अर्थातच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलचेऱ्याला पोचलो. बंगाली दुकानदारानं तीच शेड झाडून ठेवली होती. बाजार भरला, शेडही भरली. मी आधी उभा राहून सांगितलं की सिनेमात एक भाग नवीन आहे, तो काढणारा माणूस आता नाही, आणि ज्याला जे वाटेल ते त्यानं शेवटी दाराशी सांगायचं, मी लिहून घेणार. तुझं नाव घेतलं. दुकानदारानं डोक्यावरचा गमछा काढून हातात धरला.

चौथा खून झाला, भिंत आली, तुझा आवाज आला. चार-पाच मिनिटं झाली असतील. मधल्या रांगेतून एक जण उठला, चांगला दांडगा माणूस, आणि मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, हे समोर ढकला ना. पाचवी चिठ्ठी दाखवा."

शेडमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मशीन माझ्या हाताशी होतं आणि पुढं पळवायचं बटण कुठलं तेही मला आता माहीत होतं.

"पाचवी चिठ्ठी येते," मी म्हटलं. "पण हे होईपर्यंत येत नाई. अजून चार मिनिटं आहेत आन ती मी कापणार नाई. जायचं असंल त जा, दाराशी तुमचं मत लिहून घेतो. थांबायचं असंल त खाली बसा, मागच्या बायाईले दिसत नाई."

त्यानं मागच्या बायांकडे वळून पाहिलं. मग बसला.